ढोलीतलं पिल्लू

कोगनोळी

ती. तात्यांस,


ओढ्याकाठच्या आंब्याच्या ढोलीतलं राघूचं एक पिल्लू नातीसाठी काढून ठेव, असा तुमचा निरोप मिळाला. तात्या, ते माझ्याच्यानं होणार नाही. राघू पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहेच, पण मला वेगळं सांगायचंय.

मॉरिशस तुम्हाला उसामुळे आणि तिथल्या मराठी घरांमुळे ठाऊक आहे. आपल्या राघूचा एक भाऊबंद, इको पोपट, जगात फक्त त्या बेटावर राहतो. डोडो पक्षी कायमचा गेला, तिथले मूळचे बाकीचे पोपटही गेले. हा तेवढा उरला. रान तुटलं, जुन्या झाडांबरोबर ढोल्या गेल्या. उंदीर, माकडं अंडी-पिल्लं खाऊ लागली. उरल्यासुरल्या ढोल्यांसाठी वाटेकरी झाला तो आपलाच राघू! माणसांनी बाहेरून नेलेला तो तिथे मोकाट वाढला. 1980 च्या दशकात इको पोपट दहा-बाराच दिसत होते.

मग पक्षीसंवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांचे सहकारी एकेका ढोलीच्या राखणीला लागले. झाडावर चढून ढोल्या दुरुस्त केल्या, लाकडी खोकी टांगली, उंदरांचा बंदोबस्त केला, रानात खाद्य ठेवलं. एखाद्या जोडीला सगळी पिल्लं पोसवेनात, तर अशक्त पिल्लू उचलून हातानं भरवलं आणि मोठं झाल्यावर परत रानात सोडलं. 2004-05 च्या सुमारास चोच आणि पिसांचा विषाणूरोग पसरला, तरी काम थांबलं नाही. 2019 पर्यंत संख्या साडेसातशेच्या आसपास गेली आणि अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत असलेला हा पोपट ‘असुरक्षित’ या कमी धोक्याच्या पायरीवर आला. मला तर हे वाचून भरून आलं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे राघू उदंड. शाळू आणि पेरूवर थवेच्या थवे उतरतात. खरंय. पण राघूला स्वतःला ढोली कोरून काढणं जड जातं. त्याला जुनं, पोकळ झालेलं झाड लागतं. बांधावरची तशी झाडं आपण किती राखलीत? ओढ्याकाठचा आंबा वठत चाललाय म्हणून तोडायचा विषय घरात निघतोय. तो तोडू नये, एवढं तुम्ही थोरल्या काकांना सांगा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत.

नातीला घेऊन रविवारी सकाळी लवकर या. बांधावरून ढोली सरळ दिसते, नर-मादीची ये-जा तिला पाहता येईल. दुर्बीण मी मागून ठेवतो.

काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या