नक्की ना?

आमच्या घरात ‘नक्की’ बहुधा प्रश्नचिन्ह घेऊनच यायचा. "नक्की ना?" असं आईनं विचारलं, की तिला शंका आहे हे समजायचं. पाहुणेही निघताना उंबऱ्यावरून म्हणत, "दिवाळीला नक्की येतो!" ज्याला खरंच यायचं असे, तो गाडीची वेळ सांगे.

आजोबा लातूरच्या आडत बाजारात बसायचे. तिथे चलन ‘पक्का’चं. संस्कृत ‘पक्व’पासून आलेला, म्हणजे पिकलेला शब्द. तुरीचा सौदा पक्का झाला, की दुपारी भाव कोसळला तरी माघार नाही.

शाळेत समानार्थी शब्द एका ओळीत घोकून घेतले: निश्चित, खचित, खात्रीने, हमखास, अलबत. ही ओळ मला आजही पटत नाही. ‘हमखास’मध्ये वचन नसतं, अनुभव असतो, तोही पुष्कळदा वैतागाचा. घाईच्या दिवशी हमखास चप्पल तुटते. पण "मी हमखास येईन" असं कुणी म्हणत नाही. ‘खात्री’ देता येते आणि करूनही घेता येते. आजोबा दुसरीच मानत; पोत्यात हात घालून दाणे बघितल्याशिवाय बोलत नसत. ‘अलबत’ अरबीतून आला आणि नाटकात रमला. ‘खचित’ तर संस्कृतात जडवलेला, रत्नखचित वगैरे. मराठीत तो खात्रीचा कसा झाला कोण जाणे, पण बोलताना तो वापरणारा माणूस मला भेटलेला नाही.

पुढे नोकरीनिमित्त पुण्यात आलो आणि ‘कन्फर्म’ भेटला. तिकीट कन्फर्म, सुट्टी कन्फर्म, आता लग्नसुद्धा कन्फर्म. पूर्वी सुपारी फुटायची.

पण या सगळ्या शब्दांत मला हसू येतं ते सरकारी ‘निश्चित’चं. महाराष्ट्राचे 9 कृषी-हवामान विभाग पाडले आहेत. त्यांतला एक ‘निश्चित पावसाचा विभाग’, वर्षाला साधारण 700 ते 900 मिलिमीटरचा. लातूर जिल्हा त्यातच येतो. याच लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. त्या उन्हाळ्यात घरी फोन केला, की पाऊस कधी येईल यावर कुणीच ‘नक्की’ म्हणत नव्हतं.

शेतीच्या पुस्तकांत लातूर अजूनही निश्चित पावसाच्याच विभागात आहे.