एका माशाची ओळख

वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर माणसाने मुळाक्षरे गिरवायला बसावे, हे काही शोभणारे नव्हे. त्यातून तो माणूस गेली वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवीत असेल, तर नव्हेच नव्हे. तरी २०२३च्या जानेवारीत मी पुण्यातल्या एका जपानीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. पुढच्या बाकावर माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती. "सर, तुम्ही?" असे तिने विचारले, तेव्हा कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखा माझा चेहरा झाला असावा.

कारण साधे होते. माझा धाकटा भाऊ दहा वर्षे योकोहामाला आहे. त्याने तिथलीच मुलगी केली, तेव्हा आई महिनाभर त्याच्याशी फोनवर बोलली नव्हती. लग्नालाही गेली नाही. आता बहात्तराव्या वर्षी तिच्या मनाने घेतले, की एकदा सुनेचे घर पाहून यावे. आई मासे-मांसाला जन्मात शिवलेली नाही. "तिथं काय खायचं नि काय नाही, ते तू वाचून सांग म्हणजे झालं," असे म्हणून तिने आपल्या पोटाचा भार माझ्या विद्वत्तेवर टाकला. मीही ठरवले, की आपल्याला जपानी साहित्य वाचायचे नाही. खाण्यापिण्याचे शब्द आले म्हणजे पुरे.

आरंभ मोठा सुखाचा झाला. जपानी वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते नि क, स, त, न, ह, म, य, र, व अशी चालते. बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णांच्या अभ्यासाची ही सावली. चहाला 'चा' म्हणतात. पावाला 'पान', पोर्तुगीज आपल्याकडे जो शब्द ठेवून गेले, तोच तिकडेही ठेवून गेले. इंग्रजाला शेतातल्या, पोत्यातल्या आणि ताटातल्या तांदळाला एकच शब्द पुरतो. जपानी माणूस शेतात 'इने', पोत्यात 'कोमे' आणि ताटात 'गोहान' म्हणतो. साळ, तांदूळ, भात म्हणणाऱ्याला ही भाषा परकी कशी वाटावी?

मग चित्राक्षरे आली. त्यांचे नावच 'कांजी'! मी कांजी शिकतो आहे हे ऐकून आईला वाटले, मला आजाऱ्याचे पथ्य लावले आहे. 'पिणे' या अक्षरात डावीकडे खाणे आणि उजवीकडे आ वासलेला माणूस. दारूच्या अक्षरात पाण्याचे तीन थेंब नि शेजारी घडा. तांदळाच्या अक्षरात ८८ हा आकडा लपलेला. म्हणून माणसाला ८८वे वर्ष लागले, की तांदळाच्या नावाने सोहळा करतात. माशाच्या अक्षराला खाली चार टिंबे. हे अक्षर डावीकडे ठेवून कितीतरी माशांची नावे लिहितात: मासा नि बर्फ मिळून कॉड, मासा नि दुबळा मिळून तारली. आईला मी सोपा नियम सांगितला: चार टिंबे दिसली, की हात आखडायचा. तशी टिंबे पक्ष्याच्या अक्षरालाही असतात; पण पक्षी तरी तिला कुठे चालणार होता?

मे महिन्यात आम्ही योकोहामाला पोचलो. सासू-सुनेला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पण पहिल्याच सकाळी भावजयीने सोयाबीनच्या मिसोचे गरम सार पुढे ठेवले. आईने घोट घेतला आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर आपलं कढण!" दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन वाटी पुढे केली. भावजय 'कादान, कादान' म्हणत हसत वाढू लागली. दहा वर्षांचा अबोला एका वाटीत विरघळत होता.

चौथ्या दिवशी मी ओट्यावरचा मिसोचा डबा सहज हाती घेतला. चार टिंबांचे अक्षर त्यावर कुठेच नव्हते. साध्या मुळाक्षरांत तीनच अक्षरे होती, पहिल्या महिन्यात गिरवलेली: का, त्सु, ओ. कात्सुओ हा ट्यूनाच्या जातीचा मासा. तो उकडून, धुरावर वाळवून लाकडासारखा टणक करतात; त्याच्या किसाचा अर्क पाण्यात उतरवतात. तीच 'दाशी'. ती त्या मिसोत आधीच घातलेली होती.

मी भावाला बाजूला घेतले. तो म्हणाला, "दादा, तिला खरंच कल्पना नाही रे. ताटात मासा दिसला नाही, तर तो मासा नव्हेच, असं इथं पुष्कळांना वाटतं. मला माहीत होतं. पण दोघींचं इतकं जमलंय. राहू दे ना."

रात्रभर मला झोप आली नाही. शब्दाचा अर्थ कोशात नसतो, बोलणाऱ्याच्या मनात असतो, हे मी दर वर्षी मुलांना सांगतो. सुनेच्या 'मासा' या शब्दात ते सार बसत नव्हते. आईच्या शब्दात बसत होते. दोघीही खऱ्या. पण वाटी आईची होती, आणि तिने वाचायला मला नेमले होते.

सकाळी मी तिला सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारले, "तिला माहीत होतं?"

"नाही."

"आणि त्याला?"

मी गप्प राहिलो.

"त्याच्याशी मी बोलेन. तिला तू सांग. एवढं शिकलास ना?"

त्या दिवशी आईने उपास केला. मी कागदावर मासा लिहून त्यावर फुली मारली. खाली कोम्बु नावाचे समुद्री शेवाळ आणि शिइताके अळंबी लिहून त्यांना गोल केला. बौद्ध मठांतल्या शाकाहारी स्वयंपाकात दाशी यांचीच करतात. तिकडे बरोबरची खूण गोल असते. भावजयीने कागद वाचला, तोंडावर हात ठेवला आणि एक शब्द न बोलता घराबाहेर गेली. माझ्या मनात आले, संपले सारे. तासाभराने ती परतली, ती दोन्ही जिन्नस घेऊन.

दुसऱ्या सकाळी नवे कढण आले. भावजय वाटीकडे न पाहता आईच्या तोंडाकडे पाहत होती. आईने घोट घेतला.

"जरा अळणी झालंय," ती म्हणाली. मग तिने वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली.

भावजयीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ओइशीइ." म्हणजे, छान झाले आहे. अळणीलाही शब्द मला येत होता. पण शिकलेला प्रत्येक शब्द वापरलाच पाहिजे, असे कुठे आहे?