सामाईक विहीर

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

संगणकाच्या शास्त्रातही ‘वारसा’ असतो, हे ऐकून मला प्रथम हसूच आले. मी कला शाखेचा विद्यार्थी. संध्याकाळच्या प्रमाणपत्र वर्गात जावा ही भाषा शिकतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वारसा म्हटले की मला सातबारा आणि विहीर एवढेच आठवते. पण खरे सांगायचे तर विषय समजला तो विहिरीमुळेच.

आजोबांची विहीर एक, घरे तीन. जावामध्ये ‘घर’ हा मूळ क्लास लिहून त्यात ‘पाणी’ हे व्हेरिएबल स्टॅटिक ठेवले, की त्यापासून ‘थोरले’, ‘मधले’, ‘धाकटे’ असे कितीही उपक्लास काढा, पाणी एकच. 100 पैकी 40 थोरल्याने उपसले तर धाकट्याला 60 च दिसतात. ‘रांजण’ हे मात्र इन्स्टन्स व्हेरिएबल. प्रत्येक ऑब्जेक्ट स्वतःचा रांजण घेऊनच जन्माला येतो. वारशाने मिळते ती रांजणाची जागा, आतले पाणी नव्हे. एकाचा रिकामा झाला म्हणून दुसऱ्याचा आटत नाही.

वारशाची ही कल्पना नॉर्वेच्या डाल आणि न्यूगार्ड या दोघांच्या ‘सिम्युला 67’ या भाषेतली. भाऊबंदकी त्यांच्या डोक्यात नसावी, पण नियम तिलाही लागू पडतात!

उपक्लासने ‘पाणी’ याच नावाचे स्वतःचे स्टॅटिक व्हेरिएबल जाहीर केले, तर ते वेगळे होते. मूळचे नष्ट होत नाही, नुसते झाकले जाते. पायथॉन भाषेत तर जाहीर करण्याचीही गरज नाही. थोरल्याच्या नावाने 40 उपसले, की त्याच्या नावावर 60 ची वेगळी नोंद होते आणि मूळ विहिरीत 100 तसेच! हे न बोलता वेगळे निघणे झाले. मला जावाची रीत अधिक सरळ वाटते.

थोरल्या काकांनी पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवल्यापासून आमच्या पाळीला गाळ लागतो. बाबा म्हणतात, “आपलं वेगळं बोअर मारू.” जावातली दोन व्हेरिएबल्स खरोखर वेगळी असतात, आमचे बोअर विहिरीपासून पन्नास पावलांवर, खालचे पाणी तेच. शिवाय बोअरचे पैसे आणि माझी तिसऱ्या वर्षाची फी एकाच पिशवीत आहे. “तू शिकलेला, तूच सांग,” असे बाबांनी म्हटले आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाईन तेव्हा मला उत्तर द्यायचे आहे.