शापित घराणे आणि अथेन्सची लोकशाही

१/ अथेन्सच्या लोकशाहीचा पाया घालणारा क्लेइस्थेनिस सामान्य घरातला नव्हता. तो आल्कमेऑनिड या गर्भश्रीमंत घराण्याचा वंशज. या विरोधाभासाने मला या घराण्याच्या अभ्यासाकडे ओढले. हा धागा त्याविषयी.

२/ घराण्यावर एक जुना कलंक होता. इ.स.पू. ६३२च्या सुमारास सायलॉनचा सत्ता बळकावण्याचा प्रयत्न फसला. देवतेला शरण गेलेल्या त्याच्या साथीदारांना अभय देऊन बाहेर आणले गेले आणि ठार मारले गेले. दोष तेव्हाचा आर्कन, म्हणजे मुख्य शासनाधिकारी, मेगाक्लिस याच्यावर आला. त्याचा वंश शापित ठरला.

३/ पुढे हद्दपारीत या घराण्याने डेल्फीच्या अपोलो मंदिराच्या बांधकामाचा मक्ता घेतला. करार साध्या दगडाचा होता. त्यांनी दर्शनी भाग पॅरोसच्या संगमरवरात उभारला. हिरोडोटस एक वदंताही नोंदवतो: त्यांनी तिथल्या पुजारिणीला पैसे चारले, म्हणून कौल मागणाऱ्या प्रत्येक स्पार्टनाला एकच उत्तर मिळे, अथेन्स मुक्त करा. इ.स.पू. ५१०मध्ये स्पार्टाच्या सैन्याने हुकूमशहा हिप्पियसला हुसकावले.

४/ नंतरच्या सत्तास्पर्धेत इसागोरसपुढे मागे पडलेल्या क्लेइस्थेनिसने सामान्य जनतेला आपल्या बाजूस वळवले. दहा नवे गण, ५०० जणांची सभा, आणि कुळाऐवजी गावावरून नागरिकाची ओळख. उमरावांच्या चढाओढीतून लोकशाही जन्मली.

५/ हिरोडोटस म्हणतो, हुकूमशाहीच्या साऱ्या काळात हे घराणे परागंदा होते. पण अथेन्सच्या अगोरात सापडलेल्या आर्कनांच्या यादीच्या तुकड्यावर इ.स.पू. ५२५-२४साठी जी अक्षरे उरली आहेत, ती क्लेइस्थेनिसच्याच नावाशी जुळतात. तेव्हा सत्ता हिप्पियसची होती! घराण्याची आठवण एक सांगते, दगड दुसरेच.

६/ इ.स.पू. ४८६मध्ये लोकांनी खापरांवर नावे कोरून क्लेइस्थेनिसच्याच पुतण्याला, दुसऱ्या एका मेगाक्लिसला, दहा वर्षांसाठी हद्दपार केले. केरामाइकोसमध्ये त्याच्या नावाची हजारो खापरे सापडली आहेत. काहींवर त्याच्या घोडे पाळण्याच्या श्रीमंती शौकाचा, काहींवर त्या जुन्या शापाचा उल्लेख आहे.

७/ संगमरवर विकत घेता आला, बहुधा कौलही; शहराची स्मृती मात्र पूर्णपणे विकत घेता आली नाही. म्हणून कोणत्याही थोर घराण्याची कीर्ती वाचताना मी आता आधी शोधते: याच्या शेजारी ठेवायला एखादे खापर आहे का?