गरम पाणी अडतं कुठे?

नरक चतुर्दशीच्या पहाटे पुण्यातल्या एखाद्या सात मजली सोसायटीत सगळ्या घरांचे गरम पाण्याचे नळ एकदमच उघडतात. अंगाला तेल-उटणं लावून बसलेल्याच्या बादलीत मात्र गार पाणी पडतं. मग सोसायटीच्या ग्रुपवर एकच गजर होतो, 'सोलर बंद पडलाय!'

खरं तर गच्चीवरच्या साध्या सोलरमध्ये बंद पडावा असा फिरता भागच नसतो. काचेच्या नळीत तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, गार पाणी जड म्हणून खाली उतरतं. म्हणून जाणकार तंत्रज्ञ आधी जिना चढत नाही, विचारपूस करतो. गार पाणी एकाच घरात येतंय की सगळीकडे? किती बादल्या सोडून पाहिल्या? एक इंची पाइपच्या दर मीटरमध्ये साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. म्हणजे 25 मीटर खालच्या घराला आधी पाइपात रात्रभर निवलेलं बारा लिटर पाणी मिळणार. हा बिघाड नव्हे.

दोन-तीन बादल्या सोडूनही पाणी कोमटच राहिलं, तर संशय बाथरूममधल्या मिक्सरवर घ्यावा. गार पाण्याला प्रेशर पंपाचा जोर असतो, सोलरचं पाणी नुसत्या उंचीवर उतरतं. कुणीतरी मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून फक्त हँडशॉवरचं बटण बंद करतो. मग गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नळांतून बाहेर पडतं. मिक्सरमधलं झिजलेलं कार्ट्रिजही हाच उद्योग करतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. गच्चीवर टाकीतून येणाऱ्या गरम लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि घरातला गरम नळ उघडायचा. पाइपातलं पाणी संपल्यावर नळ कोरडा पडायला हवा. तो जोरात वाहतच राहिला तर गार पाणी कुठूनतरी आत येतंय. मग एकेका घराची गरम लाइन बंद करत चोर शोधायचा आणि तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा. माझ्या मते तो प्रत्येक घराला पहिल्या दिवसापासूनच असायला हवा, पण बिल्डर तेवढेच पैसे वाचवतात.

गच्चीवर गेल्यावर नळ्यांची टोकं पाहावीत. तिथला चंदेरी थर बेरियमचा असतो. तो पांढरा पडला की दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली, नळी बदला. बोअरचं जड पाणी असेल तर आत क्षार साचतात. आणि उन्हात रिकाम्या तापलेल्या नळ्यांत भर दुपारी गार पाणी सोडू नये, काच तडकते.

विजेच्या गिझरचं निदान घड्याळावर होतं. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला 2 किलोवॅटच्या एलिमेंटला सुमारे अठरा मिनिटं पुरतात. दिवा लागूनही पाणी गारच राहिलं तर बहुधा एलिमेंट जळालंय. पाणी तापतं पण बादलीभरातच संपतं, तर टाकीत क्षारांचा गाळ साचलाय किंवा थर्मोस्टॅट लवकर वीज तोडतोय. आतला सुरक्षा कटआउट उडाला असेल तर तो दाबून पुन्हा चालू करता येतो, पण तेवढ्यावर निघून जाणारा मेकॅनिक अर्धंच काम करतो. पाणी इतकं तापलं कसं, थर्मोस्टॅट चिकटला तर नाही, हे बघायला हवं. गिझर लावताच एमसीबी पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करू नये. फुटलेल्या एलिमेंटमधून करंट पाण्यात उतरत असू शकतो.

गॅस गिझरची तक्रार अनेकदा दोन सेलवर मिटते. ठिणगी पडत नसेल तर आधी सेल बदलावेत. ठिणगीच्या टिकटिकीचा आवाजच येत नसेल तर पाण्याचा दाबही तपासावा, कारण दाब पुरेसा नसेल तर आतला पडदा सरकत नाही आणि बर्नर पेटत नाही. गिझर चालू झाला तरी तो बसवलाय कुठे हे पाहिल्याशिवाय हत्यारं पिशवीत टाकू नयेत. बंद बाथरूममध्ये असेल तर तो बाहेर हवेशीर जागी हलवायला सांगावं. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि आंघोळीला दार-खिडकी लावून घ्यायची सवय आपल्या घरोघरी असते.