नजर ठेवा, पण यंत्र द्या

किनाऱ्यावरच्या सामान्य माणसाच्या हाती उपग्रह फोन पडता कामा नये, असे माझे मत होते. ग्रामसभेत, सागर सुरक्षेच्या बैठकीत, बंदरावरच्या चहाच्या टपरीवर, जिथे विषय निघेल तिथे मी ते ठासून मांडले. आज ते मत माझे राहिलेले नाही. ज्यांच्यासमोर ते मांडले त्यांना कारण सांगायला हवे, म्हणून हे लिहितो आहे.

माझी सारी नोकरी बिनतारी संदेशांत गेली. कानाला हेडफोन, पुढ्यात नोंदवही, प्रत्येक संदेशाची वेळ मिनिटासकट. परवान्याशिवाय हवेत कोणी बोलायचे नाही, ही शिस्त अंगात मुरलेली. त्यात नोव्हेंबर २००८ उजाडला. पोरबंदरची ‘कुबेर’ पळवून, तिच्या तांडेलाला मारून दहा अतिरेकी मुंबईत उतरले आणि त्या नौकेवर उपग्रह फोन सापडला. मालवणसारख्या गावात, जिथे निम्मे गाव समुद्रावर पोट भरते, ती बातमी घरात घुसल्यासारखी आली. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा परवान्याशिवाय असे फोन बाळगू देत नव्हते, आणि मला ते अगदी योग्य वाटत होते. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये, आपल्या शेजारच्या गोव्यात, विमानतळावर एका परदेशी प्रवाशाकडे गार्मिनचे खिशात मावणारे उपग्रह-यंत्र सापडले म्हणून कारवाई झाली, ती याच धोरणातून.

अशा मनाईची दुसरी बाजू दाखवणारी अंदमानची हकिगत मला आधीपासून ठाऊक होती. तिथे सुरक्षेच्या कारणावरून हौशी रेडिओला कित्येक वर्षे मनाई होती. हौशी रेडिओचालक भारती प्रसाद यांनी चिकाटीने परवानगी मिळवली आणि २००४च्या अखेरीस त्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला संच लावून बसल्या. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. फोन बंद पडले, तेव्हा बेटांवरच्या माणसांची खुशाली याच संचावरून मुख्य भूमीवर पोहोचली. परवानगी थोडी लांबली असती, तर तिथे संचही नसता आणि तो चालवणारे हातही नसते. मी मात्र ही गोष्ट अपवाद म्हणून बाजूला ठेवली होती.

मग १६ मे २०२१चा रविवार आला. तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले. माड मुळासकट कोसळले, विजेचे खांब आडवे झाले. मोबाइलचा टॉवर काही तास बॅटरीवर तगला, नंतर जनरेटरवर. डिझेल संपले आणि ते आणायचा रस्ता झाडांनी अडवलेला. खांबांवरून आलेली फायबरची तारही तुटलेली, म्हणजे डिझेल असते तरी टॉवर मुकाच राहिला असता. त्यात करोनाची दुसरी लाट. शेजारच्या घरात आजी अंथरुणावर, बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा ८८. १०८ला फोन लागेना. तिचा मुलगा कोयता घेऊन, वाटेतल्या फांद्या तोडत दुचाकीने सड्यावर गेला. तिथेही रेंज नाही. शेवटी तो स्वतःच रुग्णालयापर्यंत गेला आणि गाडी घेऊन आला. आजी वाचली. तिकडे मुंबईतले चाकरमानी गावच्या घरी फोन लावून लावून थकले होते. आणि आयुष्यभर संदेश पाठवलेला मी पडवीत बसून होतो. एक ओळ तालुक्याला कळवावी असे कायदेशीर साधन साऱ्या वाडीत नव्हते.

त्या दिवसांत मला ओखी चक्रीवादळ आठवत राहिले. डिसेंबर २०१७ मध्ये केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांना घेऊन देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. माणसे जिवंत, धडधाकट. पण किनाऱ्याला लागेपर्यंत घरी कळवणार कसे? व्हीएचएफ वायरलेस समुद्रात साधारण नजरेच्या टप्प्याइतकाच चालतो आणि मोबाइल त्याच्याही आधी सोडून जातो. तिकडे दाराशी रडारड. माणूस सुखरूप असून त्याच्या घरी सुतक पाळायची वेळ यावी, हे कुठल्याही सुरक्षेच्या हिशेबात बसत नाही.

ज्या ‘कुबेर’मुळे माझे मत पक्के झाले, तिचाच मी पुन्हा विचार केला. तिच्यावरचा फोन बेकायदाच होता. बंदी ज्याच्यासाठी होती त्याने ती पाळली नाही. पाळली ती आमच्या दांडीच्या, सर्जेकोटच्या, देवबागच्या माणसांनी. आणि यंत्र नोंदलेले असेल, नौकेच्या नावाने बांधलेले असेल, तर सगळ्या नौका पडद्यावर दिसतात आणि जी दिसत नाही तीच आधी डोळ्यात भरते. परप्रांतीय हायस्पीड ट्रॉलर आत घुसतात म्हणून ओरडणाऱ्या आपल्या पारंपरिक मच्छीमाराला तर हे हवेच आहे.

यंत्र कसले, हेही महत्त्वाचे. इस्रोचे संकटसंदेश यंत्र २०१०पासून वापरात आहे. बटण दाबले की आग, बुडती नौका, आजारी माणूस असा संदेश नौकेच्या ठिकाणासह उपग्रहामार्गे चेन्नईच्या केंद्रात जातो आणि तिथून तटरक्षक दलाला कळते. पण जुन्या यंत्रात उलट उत्तर येत नसे. एक तांडेल मला म्हणाला होता, “बटण दाबलंय, पण तिकडे कोणी आयकल्यान काय नाय, ता माका कसा कळतला?” काळोखात, लाटांत, पंपाने पाणी उपसत असलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. ओखीनंतर, २०१९ मध्ये आलेले ‘जेमिनी’ यंत्र नेमके उलटे: इशारा ऐकवायचे, पण त्यावरून बोलता येत नसे. इस्रोच्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात आता पोच मिळते. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला सुरू झालेली ३६४ कोटींची योजना तर १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख नौकांवर दुतर्फा संदेशाचे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची आहे. आपला मासळीचा ठाव दुसऱ्याला कळेल म्हणून काही मालक कुरकुरतात. त्यांना माझे सांगणे एकच: मासा दुसऱ्या दिवशी मिळेल.

धोका संपला, असे मी म्हणत नाही. मे २०२५च्या सूचनांनी उपग्रह सेवांसाठी सरहद्दीलगतचा ५० किलोमीटरचा पट्टा आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र विशेष देखरेखीखाली आणला. ते मला पटते. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने उपग्रह इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केले, तेही चांगलेच, पण एकाच परदेशी कंपनीच्या भरवशावर किनारा ठेवू नये. २०२३च्या दूरसंचार कायद्याने आपत्तीत सेवा ताब्यात घेण्याचा आणि ठराविक संदेशांना अग्रक्रम देण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. पण वादळाच्या दिवशी वाडीत यंत्रच नसेल, तर अग्रक्रम कोणाच्या संदेशाला देणार?

बीएसएनएलची उपग्रह फोन सेवा देशात २०१७पासून आहे. माझी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला विनंती आहे, की असा एकेक फोन किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला द्यावा. परवाना तहसीलदारांच्या नावे असू दे, पण फोन पोलीस पाटलाच्या घरी, चार्ज केलेला असू दे. तालुक्याच्या कपाटात कुलपात ठेवलेला फोन झाड पडल्यावर देवबागला पोहोचत नाही. महिन्यातून एकदा चाचणीचा फोन सक्तीचा करा. हे यंत्र घरात बसून लागत नाही. अंगणात, उघड्या आभाळाखाली यावे लागते, अँटेना उभी करून उपग्रहाच्या दिशेला धरावी लागते आणि संपर्क जुळेपर्यंत थांबावे लागते. पहिल्यांदा हातात घेणारा हमखास अडतो, ते अडणे वादळाआधीच होऊन जाऊ दे. नियंत्रण कक्ष १ जूनला सुरू होतात, पण तौक्ते मे महिन्यात आले होते. तेव्हा परवान्यांचे कागद एप्रिलमध्येच पुरे करा. शिकवायला माणूस लागला तर मी आहे, बोलवा.