गुलाबी फेटा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त त्या गाण्याचं. तुमच्यापैकी निम्म्यांनी ते मोबाईलवर पाहून मला फोन केलेच आहेत!

आमचा काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार तुम्हाला ठाऊक आहे. दोन महिन्यांपूर्वी तिथे एका कंपनीच्या गाण्याचं शूटिंग झालं. (नाव लिहीत नाही, चहा चांगला पाजला होता.) त्यांना 'अस्सल मातीतलं' गाणं हवं होतं. म्हणून एचएफ गायी मागे सारल्या आणि खिल्लार बैल पुढे आणले. पिकअप गाड्या तर नजरेआडच करायला लावल्या. त्यातली एक माझ्याच जुन्या विद्यार्थ्याची. तो म्हणाला, "सर, हप्ते भरून घेतलीय, गाडीनं काय घाण केलीय का?" मी काही बोललो नाही, कारण तेवढ्यात एका गोड मुलीने माझी टोपी नि चष्मा काढून गुलाबी फेटा बांधायला घेतला होता. 74 वर्षांत मी फेटा दोनदाच बांधला, लग्नात आणि निवृत्तीच्या दिवशी. "बाबा, हसा ना!" कोणाकडे बघून हसायचं ते दिसेना, तरी हसलो.

आता बडोद्याची वहिनी म्हणते, "भाऊजी, किती अस्सल दिसता हो!"

नातवाचं मत असं, की कंपनीचा पैसा आला की गाणं खोटं होतंच. मला ते पटत नाही. 2016 चा 'सैराट' आठवा. पैसा झी स्टुडिओजचा होता. अजय-अतुलने त्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसजवळच्या सोनीच्या स्टुडिओत परदेशी वाद्यवृंद वाजवून घेतला. म्हणजे साधंसुधं काम नव्हेच. पण 'झिंगाट' पाहताना आपल्या कर्जतपलीकडचा करमाळा जसाच्या तसा समोर येतो. नागराज मंजुळे जेऊरचा, नायिका अकलूजची. पोरं अंगात येईल तशी नाचतात, शर्टही त्यांचे स्वतःचेच वाटतात. तिथे कोणी कोणाची टोपी काढली असेल असं वाटत नाही.

मग 2018 मध्ये 'धडक' आला. झी होतीच, सोबत करण जोहरची धर्मा. संगीतकार तेच, चाल तीच, शब्द हिंदी आणि गाव उदयपूर. पोरं छान नाचली, खोटं कशाला बोलू? पण ती कुठली, कोणाची, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्हीकडे पैसेवाला एकच होता. करमाळ्यात मात्र त्याने जे होतं ते राहू दिलं.

आमच्या बाजारात ते झालं नाही, आणि त्यात मीही सामील होतो. 34 वर्षं कॉपी करणाऱ्या पोरांना उभं केलं, आणि स्वतः मात्र फेटा बांधून हसलो. वर ते गाणं चार वेळा पाहिलं. (हिने मोजलं.)

गेल्या शनिवारी तो पिकअपवाला भेटला. नमस्कार करून म्हणाला, "काय सर, आज टोपीत?"